साध्या जीपमधून स्पीडगन मारली, चलान भरायचं का?

केजहून एका भाऊंनी विचारलंय. वडिलांना दम लागला म्हणून पहाटे कारनं घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, न्यायला निघाले, गेवराईच्या अलीकडं रोडच्या कडेला लिंबाखाली एक पांढरी जीप उभी होती, ना पोलीस लिहिलेलं ना वर दिवा, आणि 25 दिवसांनी मोबाईलवर 2,000 चं चलान आलं, वेग 118. येताना एका धाब्याजवळ साध्या कपड्यातल्या दोघांनी गाडी अडवून लायसन मागितलं आणि 500 रोख द्या म्हणाले. विचारतात, पाटी नसलेल्या गाडीतून असं चलान करता येतं का, आणि त्या दोघांना लायसन दाखवायलाच पाहिजे होतं का?

भाऊ, आधी वडिलांची तब्येत कशी आहे ते कळवा.

आता जीपचं. गाडीवर पोलीस लिहिलेलं नव्हतं एवढ्यावर चलान रद्द होत नाही, बरेच जण हाच मुद्दा धरून बसतात आणि हातातले चांगले मुद्दे सोडून देतात. मोटार वाहन कायद्यात स्पीडगनवाली गाडी अमुकच रंगाची पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. बंधन आहे ते मशीनवर आणि कागदावर. 2021 मध्ये केंद्रानं नियम 167अ आणला, त्यात मशीनला सरकारी मंजुरीचं सर्टिफिकेट लागतं आणि ते दरवर्षी रिन्यू करावं लागतं, पुढं वेग तपासला जातोय असा बोर्ड रोडवर दिसेल असा पाहिजे, चलानसोबत नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, मशीननं मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हे सगळं पाहिजे. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, नोटीस 15 दिवसांच्या आत निघाली पाहिजे. कायद्याचं कलम 209 पण आहे, कारवाई होईल असं जागेवर बजावलं नसेल आणि 14 दिवसांत नोटीसही पाठवली नसेल आणि 28 दिवसांत समन्सही मिळालं नसेल तर वेगाच्या गुन्ह्यात शिक्षा देता येत नाही. तुम्हाला तर मेसेजच 25 व्या दिवशी आला. फक्त एक बघून घ्या, आरसी बुकवरच्या पत्त्यावर पोस्टानं आधी काही आलं होतं का, गाडी सेकंडहँड असेल तर जुन्या मालकाचा पत्ता किंवा नंबर अजून तसाच असतो आणि नोटीस तिकडं जाते, मग हा मुद्दा लंगडा पडतो.

तुम्ही पाठवलेला चलानचा फोटो मी मोठा करून बघितला. त्यात दोन गाड्या आहेत, तुमची कार आणि तिच्या उजवीकडून चाललेली ट्रॅव्हल्स, आणि वेगाची चौकट दोघींच्या मधोमध आलीय. तुमच्या नंबरातला शेवटचा आकडा 3 आहे का 8 हे मला तरी सांगता येईना. ठिकाण म्हणून नुसतं 'बीड' लिहिलंय, बीड जिल्हा केवढा पसरलाय! याच्यावर हरकत घ्यायलाच पाहिजे.

त्या दोघांचं मात्र वेगळं आहे. कलम 130 प्रमाणं रोडवर लायसन मागायचा अधिकार युनिफॉर्ममधल्या पोलिसाला आहे. साध्या कपड्यात कुणी अडवलं तर पळून जाऊ नका, खरंच पोलीस असले तर आदेश न पाळल्याचं वेगळं प्रकरण होतं. काच थोडीच खाली घ्या, ओळखपत्र मागा, 112 ला फोन लावा आणि सांगा की टोलनाक्यावर किंवा ठाण्यात येतो, तिथं कागद दाखवतो. रोख तर पावतीशिवाय द्यायचीच नाही, 500 काय 50 पण नाही. तुम्ही दिले नाहीत ते बरोबर केलं, अन् परत कुणी मागितले तर लाचलुचपतचा नंबर 1064 आहे.

पण भाऊ एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो, 118 खरा असेल तर तो जास्तच आहे. मी बीडच्या कोर्टात अपघाताचे क्लेम चालवतो, फायलीतले फोटो मला बघावे लागतात, आणि त्यात दवाखान्यात पेशंट घेऊन निघालेल्या गाड्या पण असतात. खाजगी गाडीला इमर्जन्सीची सूट नाही, कारण सांगून विनंती करता येते एवढंच. वडिलांना परत असं झालं तर आधी 108 लावा, त्यात ऑक्सिजन असतो, तुमच्या कारमध्ये नसतो.

आता करायचं काय, तर चलान भरू नका, भरलं की मान्य केल्यासारखंच झालं, मग हरकत घेता येत नाही. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका, फोटोचा मुद्दा आणि तारखेचा मुद्दा वेगवेगळा लिहा. सोबतच 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज महामार्ग पोलिसांकडं करा, त्या दिवशी त्या ठिकाणी वापरलेल्या मशीनचं सर्टिफिकेट आणि बोर्ड कुठं लावला होता ते मागा. तक्रार फेटाळली तर कोर्टात जाता येतं, घाबरायचं कारण नाही, तिथं हेच मुद्दे मांडू. तडजोडच करायची असेल तर लोकअदालतीत चलानं मिटवता येतात, पण तुमचे मुद्दे चांगले आहेत, इतक्यात तिकडं जाऊ नका. आणि त्या दिवशीचा घाटीतला केसपेपर सांभाळून ठेवा, त्यावर ॲडमिटची वेळ असते, ती लागणार आहे.