आधी माणसं, मग तबकड्या

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. आफ्रिकेतल्या सरकारांनी विद्यापीठातल्या विज्ञानशिक्षणावर खर्च का करावा, तर ‘परतावा मिळतो म्हणून’, असं तू लिहितेस. या शब्दाची मला धास्ती वाटते. १९८०च्या दशकात प्राथमिक शाळेचा परतावा जास्त, विद्यापीठाचा कमी, असं गणित जागतिक बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी मांडलं. कर्जात रुतलेल्या देशांनी विद्यापीठांबाबत हात आखडता घेतला. प्रयोगशाळांत रसायनं येईनात, शिकवणारे परदेशी गेले. पण मग शाळेत विज्ञान शिकवणारा शिक्षक घडणार कुठे होता?

म्हणून आधी माणसं घडवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेला मसुद्यात जास्त जागा दे. कारूच्या ओसाड माळावर मीरकॅट ही ६४ तबकड्यांची, म्हणजे डिश अँटेनांची, रेडिओ दुर्बीण २०१८ साली सुरू झाली, तीही मुख्यतः त्या देशाच्या स्वतःच्या पैशातून. तुला सांगायचंय ते त्याआधीचं. या कामासाठी माणसं घडवणाऱ्या शिष्यवृत्त्या २००५पासूनच सुरू झाल्या होत्या, तेव्हा मीरकॅटची एकही तबकडी उभी नव्हती. एसकेए या जागतिक दुर्बिणीसाठी कारूची निवड व्हायलाही २०१२ उजाडलं. तंत्रज्ञांपासून पीएच.डी.पर्यंत मुलं आधी शिकवली गेली. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या आपल्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या तू पाहिल्या आहेसच. अशी यंत्रं चालवणारी माणसं एका वर्षाच्या अंदाजपत्रकात तयार होत नाहीत, हे तुला वेगळं सांगायला नको.

आणि २०२० साली कोरोना आला तेव्हा देशातच व्हेंटिलेटर बनवण्याच्या मोहिमेचं व्यवस्थापन सरकारने मीरकॅट चालवणाऱ्या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेकडेच सोपवलं. हा परतावा २००५ साली कोणत्या रकान्यात लिहिला असता? मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

मात्र दक्षिण आफ्रिकेचा कित्ता घानाने किंवा मलावीने जसाच्या तसा गिरवावा, असं लिहू नकोस. तिजोऱ्या सारख्या नाहीत. संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाचा किमान १ टक्का खर्च करू, असं आफ्रिकी संघाने २००७ साली अदिस अबाबाला ठरवलं. तिथवर खुद्द दक्षिण आफ्रिकाही पोचलेली नाही.

देणगीदारांच्या पैशाबद्दलचं तुझं प्रकरण चांगलंय, पण त्यात एक प्रश्न राहिलाय. प्रकल्प संपल्यावर प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा पगार कोण देतं? पुढच्या महिन्यात नैरोबीला जाशील तेव्हा इमारत दाखवतील, ती बघ. मग रसायनांचं कपाट उघडायला सांग, आणि त्यात काय दिसलं ते मला कळव.

तुझे सर