बसमध्ये मळमळतं, तरी हेलिकॉप्टरमधून संशोधन करता येईल का?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. समुद्रावरच्या बर्फाची जाडी हेलिकॉप्टरमधून मोजतात हे एका माहितीपटात पाहिलं, आणि आता मला तेच करायचंय. बाबा म्हणतात, मग सरळ पायलट हो. आमच्या मॅडम म्हणतात, पर्यावरणशास्त्राला जा. मला बसमध्येसुद्धा मळमळतं, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आणि मी शिकून बाहेर पडेपर्यंत सगळं ड्रोनच करायला लागले तर?

उत्तर : मळमळीचं तू एका ओळीत उरकलंयस, म्हणून तिथूनच सुरुवात करते. वाहन चालवणाऱ्याला सहसा कमी त्रास होतो, कारण त्याची नजर बाहेर असते आणि पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. त्रास होतो तो मागे बसून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघणाऱ्याला. म्हणजे तुला हवी असलेली जागा नेमकी तीच! अनेकांना सवयीने जमतं, काही जण गोळी घेऊन बसतात. पण बाहेरची दृश्यं बघत फिरायचं, असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते आत्ताच पुसून टाक.

तू पाहिलेलं यंत्र बहुधा ‘ईएम बर्ड’ असावं (ईएम म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक, विद्युतचुंबकीय). जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे शास्त्रज्ञ ते वापरतात. साधारण साडेतीन मीटर लांबीची, शंभरेक किलो वजनाची ही नळी हेलिकॉप्टरखाली २० मीटरच्या दोरीला टांगतात आणि बर्फावरून जेमतेम १५ मीटर उंचीवरून ओढत नेतात. खारं पाणी वीज चांगली वाहतं, बर्फ जवळजवळ वाहतच नाही. नळीतल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे खालच्या पाण्यात विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्या परतीच्या संकेतावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. पृष्ठभाग किती खाली आहे ते लेसर सांगतो. दोन्हींची वजाबाकी म्हणजे जाडी.

मात्र लेसर आपटतो तो बर्फावर साचलेल्या हिमावर, त्यामुळे त्या वजाबाकीत हिमाचा थरही आलेला असतो. तो वेगळा काढायचा तर कुणालातरी खाली उतरून काठी खुपसत चालावं लागतं. शिवाय यंत्राचं शून्य हळूहळू सरकतं, म्हणून ठरावीक वेळाने हेलिकॉप्टर उंच नेऊन ते तपासावं लागतं. माहितीपटात हे दाखवत नाहीत, बिचाऱ्यांना तासाभरात सगळं बसवायचं असतं.

आता बाबांचं म्हणणं. उडण्याचंच वेड असेल तर पायलट जरूर हो, आधी वैद्यकीय तपासणी तेवढी करून घे. पण दोरीला यंत्र टांगून इतक्या खालून उडणं हे नवशिक्याचं काम नव्हे. त्याआधी बरीच वर्षं साधं उड्डाण करावं लागतं. आणि काय मोजायचं, का मोजायचं, हे पायलट ठरवत नाही. तुझ्या पत्रात पाच वेळा ‘मोजणे’ आलंय आणि ‘उडणे’ एकदाच. (छापताना पत्र बरंच कापलंय, पण मी मोजलं.)

मॅडमचं म्हणणं अर्धं बरोबर. पदवीचं नाव काहीही असो, भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नकोस. २०११ मध्ये अंटार्क्टिकातल्या टेलर दरीवरून अशाच विद्युतचुंबकीय यंत्राची भलीमोठी चौकट हेलिकॉप्टरखाली टांगून फिरवली. हिमनदीखाली आणि गोठलेल्या जमिनीखाली खारं पाणी दूरवर पसरलंय, हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला २०१५ मध्ये. उड्डाणं एका मोसमात आटोपली. मधला काळ आलेल्या संकेतांवरून जमिनीखाली काय असेल ते उलटं गणित करून शोधण्यात, शंका काढण्यात आणि लिहिण्यात गेला. तुझी नोकरी ही असेल. भूभौतिकी, वातावरणशास्त्र, हिमनदीशास्त्र यांतलं काहीही चालेल, जोडीला प्रोग्रॅमिंग हवंच. सोल्डरिंग येत असेल तर उत्तम, कारण बिघाड व्हायचा तो मुक्कामावरच होतो.

हवेतून वन्यजीव मोजण्याचाही रस्ता आहे, पण धोक्याचं सांगायला हवं. अमेरिकेत १९३७ ते २००० या काळात कामावर असताना मरण पावलेल्या वन्यजीव कर्मचाऱ्यांची नोंद काढली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश मृत्यू विमान-हेलिकॉप्टरच्या अपघातांतले निघाले. हा धोका घरी लपवू नकोस.

हेलिकॉप्टर कधी नको, हेही या क्षेत्रात शिकावं लागतं. आम्लवर्षेचा परिणाम तपासायला अमेरिकेत १९८४ मध्ये पूर्वेकडच्या सुमारे १६०० तलावांवर हेलिकॉप्टर उतरवून पाण्याचे नमुने घेतले. पुढच्या वर्षी पश्चिमेकडे संरक्षित रानात हेलिकॉप्टरला मनाई झाली, तेव्हा माणसं पायी आणि घोड्यांवरून गेली. दोन्ही पद्धतींचे आकडे जुळतात का, हे बघायला काही तलावांचे नमुने दोन्ही प्रकारे घेतले. मला या सगळ्या खटाटोपातलं हेच जास्त आवडतं.

ड्रोनची भीती खोटी नाही. कारिना असेवेडो-व्हाइटहाउस यांच्या गटाने रिमोटच्या खेळण्यासारख्या हेलिकॉप्टरला पेट्री डिश (प्रयोगशाळेतली चपटी बशी) बांधून देवमाशाच्या उच्छ्वासाचे नमुने गोळा केले आणि २०१० चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळवलं. हलकी कामं ड्रोनकडे जात राहणार. शंभर किलोचं यंत्र दूर समुद्रावर न्यायला अजून तरी मोठं वाहनच लागतं. उद्या ती नळी कशालाही टांगली, तरी वजाबाकी करणारं माणूस लागेलच. ते हो.

या महिन्यात एक कर. फोनमध्ये प्रवेग मोजणारा सेन्सर असतो, त्याची नोंद ठेवणारं एखादं मोफत ॲप घे आणि पुढच्या बसप्रवासात फोन मांडीवर ठेवून ते चालू कर. घरी आल्यावर आलेख काढ, त्यात खड्डे कुठले, थांबे कुठले आणि तुझा हात हलला तो कुठे, हे वेगळं करता येतं का बघ. कंटाळा आला की गंमत वाटली, ते मला कळव. आणि पडद्याकडे किती मिनिटं बघवलं, तेही लिही.