प्रश्न वाचकांचे : दाखल्यावर चांदा, नकाशावर गडचिरोली

गडचिरोली जिल्ह्याविषयी नागपूरच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. लांबलचक पत्रांतला मूळ मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आजोबांच्या १९४८ च्या शाळेच्या दाखल्यावर ‘तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे आहे. त्यांच्याच १९५५ च्या खरेदीखतावर ‘मध्यप्रदेश’, चुलत आजोबांच्या १९५९ च्या कागदावर ‘मुंबई राज्य’, वडिलांच्या दाखल्यावर ‘जिल्हा चंद्रपूर, महाराष्ट्र’ आणि १९८५ साली जन्मलेल्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर ‘जिल्हा गडचिरोली’ आहे. गाव मात्र एकच आहे. मुलीच्या जात पडताळणीसाठी कागद जमवताना ‘जिल्हे जुळत नाहीत’ असे ऐकावे लागले. यांतला चुकीचा कागद कोणता? (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : एकही नाही. पाचही कागद आपापल्या काळाशी प्रामाणिक आहेत; उलट १९४८ च्या दाखल्यावर ‘महाराष्ट्र’ लिहिलेले असते तर शंका घ्यायला जागा होती. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि पुढल्या वर्षी नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले; त्यातूनच चांदा हा जिल्हा आकाराला आला. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला, १९०३ मध्ये त्याला वऱ्हाड जोडला गेला आणि १९५० मध्ये त्याचेच मध्यप्रदेश राज्य झाले, ज्याची राजधानी १९५६ पर्यंत आपले नागपूरच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, चांद्याचे नाव पुढे चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी, बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री असताना, गडचिरोली व सिरोंचा हे दोन तालुके चंद्रपुरातून वेगळे काढून गडचिरोली जिल्हा करण्यात आला. आपले कुटुंब गावातच राहिले. वरचे राज्य आणि जिल्हा तेवढे बदलत गेले.

अर्जासोबत हा क्रम तारखांसह एका स्वतंत्र निवेदनात मांडावा आणि गाव, तहसील व पूर्वजांची नावे सर्व कागदांत एकच आहेत हे ठळकपणे दाखवून द्यावे. पडताळणीत खरा भर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या दिनांकांच्या आधीच्या पुराव्यावर असतो, म्हणून आजोबांचा १९४८ चा दाखला हाच आपला सर्वांत वजनदार कागद आहे. त्याच्या जोडीला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची (गावातील जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल आणि बंदोबस्ताच्या मिसलीची (जमीनमोजणी व महसुलाच्या जुन्या अभिलेखाची) नक्कल मागवावी. अर्जात केवळ आजचे नाव न लिहिता जुनी तहसील आणि ‘जिल्हा चांदा’ असाही उल्लेख करावा, कारण जुन्या कागदांचे गठ्ठे त्याच नावांनी लावलेले असतात. गाव पूर्वीच्या जमीनदारीतले असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गडचिरोली तहसील १९०५ मध्ये ब्रह्मपुरी आणि चांदा या तहसिलींमधल्या जमीनदाऱ्या काढून तयार झाली, त्यामुळे त्याआधीच्या कागदावर ब्रह्मपुरी दिसली म्हणून गोंधळून जाऊ नये.

याहून अवघड प्रवास राजुऱ्याकडच्या कुटुंबांचा आहे. तो तालुका निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ मध्ये नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात आला. तिथले जुने कागद उर्दूत निघाले तर आश्चर्य नाही.

प्रश्न : सिरोंचा हे एकेकाळी जिल्ह्याचे ठिकाण होते असे एका निवृत्त वनाधिकाऱ्यांकडून ऐकले. इतक्या आडबाजूच्या गावात जिल्हा कचेरी कशासाठी? (एक वाचिका, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, आणि आडबाजू हा शब्द मात्र आजच्या सडकांवरून सुचलेला आहे. १८६० च्या तहाने निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांकडे आला. त्या मुलखाचा ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा करून त्याचे मुख्य ठाणे सिरोंच्याला ठेवण्यात आले. त्या वेळी मोठी वाट नदीची होती. आर्थर कॉटन या अभियंत्याने गोदावरी नौकानयनासाठी खुली करण्याची योजना उचलून धरली होती. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कापूस प्राणहिता आणि गोदावरीमार्गे पूर्व किनाऱ्यावर उतरवायचा, असा तिचा हेतू होता. या वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. दुम्मागुडेम आणि एंचमपल्ली हे दोन गोदावरीवर, तर तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, म्हणजे आजच्या अहेरी तालुक्यात. दुम्मागुडेमला बांधकामांवर पुष्कळ पैसा ओतला गेला. इकडे १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि कापसाने रेल्वेची वाट धरली. १८७१ मध्ये नौकानयनाची योजना गुंडाळली गेली आणि १८७४ मध्ये जिल्हाही मोडला. खालचे भद्राचलमकडचे तालुके मद्रास इलाख्याला जोडले गेले आणि सिरोंचा चांद्याची एक तहसील होऊन राहिले.

माझ्या मते गडचिरोली जिल्ह्याचा पुढचा सारा प्रशासकीय इतिहास या घटनेत बीजरूपाने आहे. नदीची वाट बंद पडली आणि सडक किंवा रेल्वे त्या जागी आली नाही, म्हणून दक्षिणेकडचा हा मुलूख चांद्याहून चालवावा लागला, आणि तो कधीच नीट चालवता आला नाही. दाट जंगलाचा बराचसा भाग जमीनदारांच्या ताब्यात होता. त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती. १८५८ च्या उठावात याच भागातून लढलेले बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फाशी देण्यात आली. जमीनदाऱ्या संपल्या त्या स्वातंत्र्यानंतर, मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने.

विभाजनापूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्याचा पसारा किती होता, हे आजच्या आकड्यांवरूनच कळते. चंद्रपूर ११,४४३ आणि गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे दोन्ही मिळून जवळजवळ सात गोवे मावतील एवढा एकच जिल्हा, आणि त्याचा कारभार एका जिल्हाधिकाऱ्याकडे! विभाजनाने अंतर कमी झाले, संपले नाही. दोन तालुक्यांचे आज बारा तालुके झाले असले तरी सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली गाठायला अजूनही सुमारे दोनशे किलोमीटर जावे लागते. अहेरी, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा आणि सिरोंचा या दक्षिणेकडच्या तालुक्यांचा स्वतंत्र अहेरी जिल्हा करावा ही मागणी त्यातूनच वारंवार वर येते. २०११ च्या जनगणनेत साऱ्या गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ भरली. नागपूर शहराची त्याच्या दुपटीहून अधिक होती, त्यामुळे ‘एवढ्या थोड्या लोकांसाठी आणखी एक जिल्हा कशाला’ हा आक्षेप आकड्यांना धरून वाटतो; परंतु जिल्हा कचेरीत काम असलेल्या माणसाला लोकसंख्या तुडवावी लागत नाही, रस्ता तुडवावा लागतो.

प्रश्न : वैनगंगा गोदावरीला मिळते की प्राणहितेला? शालेय नकाशांवरून नीट उलगडा होत नाही. (एक शिक्षक, उमरेड मार्ग, नागपूर)

उत्तर : दोन्ही नाही म्हणावे लागेल. मध्यप्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा भंडाऱ्यावरून खाली येते, देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली यांच्या पश्चिमेने जिल्ह्याची हद्द आखत जाते, मार्कंड्याच्या देवळापाशी वळण घेऊन उत्तरवाहिनी होते आणि चपराळ्याजवळ तिला वर्धा भेटते. त्या संगमापासून पुढच्या एकत्र प्रवाहाचे नाव प्राणहिता. ती सुमारे ११३ किलोमीटर तेलंगणाच्या सीमेवरून वाहून सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पलीकडच्या तीरावर कालेश्वरम आहे. नांदेड जिल्हा ओलांडून महाराष्ट्राचा निरोप घेतलेली गोदावरी इथे पुन्हा आपल्या सीमेला लागते, आणि सोमनूरला इंद्रावती येऊन मिळेपर्यंत सोबत करते.

वर्गात सांगताना आणखी एक जोड द्यावी. जिल्ह्याच्या पश्चिमेला वैनगंगा व प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी आणि आग्नेयेला इंद्रावती, अशी हद्दीची मोठी लांबी नद्यांनीच आखलेली आहे. त्यामुळे पुराचा प्रश्न इथे प्रशासनाचाही प्रश्न होतो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगेकाठचे रस्ते पाण्याखाली जाऊ लागतात, आणि इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या भामरागडचा संपर्क पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात कितीदा तरी तुटतो. तालुक्याची कचेरी एका तीरावर आणि तिथे काम असलेली माणसे दुसऱ्या तीरावर अडकतात.

प्रश्न : नागपूरहून गडचिरोलीला रेल्वेने जाता येते का? (एक वाचक, इतवारी, नागपूर)

उत्तर : गडचिरोली शहरापर्यंत नाही. जिल्ह्यात प्रवाशांच्या उपयोगाचे स्थानक आहे ते देसाईगंजचे, म्हणजेच वडसा. ते गोंदिया ते चांदा फोर्ट या मार्गावर आहे. इतवारीहून नागभीडला जाणारी जुनी नॅरोगेज गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्ये थांबली. वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा मार्ग मंजूर असून त्याचे काम हाती घेण्यात आले आहे. तूर्तास एसटीच सोयीची.