समुद्राजवळच्या नगरपरिषदेचा अग्निशमन बंब फारसा वापरात नसेल, तरी रोज तपासावा लागतो का?

हो, रोजच. उभ्या गाडीलाच जास्त धोका. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याची खारी हवा चासिस, बॅटरीचे टर्मिनल, वायरिंगचे जोड, शटरच्या पट्ट्या गुपचूप खाते.

डिझेल, ऑइल, कूलंट, टायरची हवा, सायरन, दिवे हे कोणताही ड्रायव्हर बघतो. राहतो तो पंप. पीटीओ (इंजिनची ताकद पंपाला देणारा जोड) टाकून तो रोज थोडा वेळ फिरवा, पण कोरडा नको. पाण्याविना सील तापून जातात. आठवड्यातून एकदा प्रायमरने (पंपातली हवा ओढून काढणाऱ्या यंत्राने) व्हॅक्यूम ओढून काटा बघा. सर्व कॅप बंद, पंप रिकामा असताना २२ इंच पारा (व्हॅक्यूमचं माप) ओढला आणि ५ मिनिटांत तो १० इंचांपेक्षा जास्त पडला, तर कुठेतरी हवा शिरतेय. बहुधा गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह. असा पंप खाडीवरून पाणी उचलताना दगा देणार.

खाडीचं पाणी वापरलंत, तर परतल्याबरोबर टाकी, पंप, होज, नोझल सगळं गोड्या पाण्याने धुवा. उद्यावर ढकललं की गंज आलाच. फोम वापरला तरी तसंच, त्याची लाइन चिकटून बसते.

आपल्याकडे घाटउतार आहेत, म्हणून एअर ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत ओलाव्याने साचलेलं पाणी रोज काढा. पावसाळ्यात तर नक्कीच. पाण्याने भरलेला बंब उतारावर रिकाम्यासारखा थांबत नाही. होज ओली गुंडाळू नका, बुरशी धरते.

आणि नोंदवहीत नुसतं ‘ठीक’ लिहू नका, काट्याचा आकडा लिहा.