स्टिकर निघाले, ठसा राहिला

वाचकांचे प्रश्न : फायबरची बोट

प्रश्न : आमच्या 16 फुटी फायबरच्या बोटीवर दोन्ही बाजूंना आधीच्या मालकाने लावलेली मोठी स्टिकर्स आहेत. दहा-बारा वर्षांची असतील. ओढली की नखाएवढे तुकडे पडतात. एका कारागिराने थिनर लावून लोखंडी पट्टीने खरवडायला सांगितले. बोटीचा निळा रंगही पांढुरका झालाय. सरळ रंगवूनच घ्यावी का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : थिनर आणि लोखंडी पट्टी आधी बाजूला ठेवा. फायबरच्या बोटीचा मूळ रंग वरून मारलेला नसतो. तो जेलकोट असतो, म्हणजे साच्यात सगळ्यात आधी फवारलेला पॉलिएस्टरचा रंगीत थर. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. यापुढे तुम्ही जे जे घासाल ते या अर्ध्या मिलिमीटरमधूनच जाणार आहे. त्यामुळे सौम्य उपाय आधी, कडक उपाय अगदी नाइलाजाने.

रंगवायचे की नाही, हे ओल्या फडक्याने कळते. फडके फिरवल्यावर ओली जागा मूळ निळी दिसली, तर जेलकोट शाबूत आहे. उन्हाने फक्त वरचा पापुद्रा मेलाय आणि तो काढता येतो. ओली असतानाही जागा फिकीच दिसली किंवा खालचे धागे दिसू लागले, तरच रंगाचा विचार करा. कुणी मध्ये रंग मारून ठेवलाय का, तेही बघा. आतल्या कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. जागा चिकट झाली तर तो साधा रंग आहे, मग ॲसिटोन अजिबात वापरू नका.

आता स्टिकर. बारा वर्षांच्या उन्हात त्यातला मऊपणा निघून जातो, म्हणून तुकडे पडतात. हॉट एअर गन सगळ्यात कमी तापमानावर ठेवून वीतभर अंतरावरून सतत हलवत राहा. तळहात टेकवता येईल इतपतच जागा तापू द्या. 60-70 अंशांच्या पुढे पॉलिएस्टर मऊ पडू लागतो आणि जेलकोट पिवळा पडतो, कधी फुगतोही. जुन्या एटीएम कार्डाने कोपरा उचला आणि स्टिकर स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला लागून हळूहळू ओढा. काटकोनात ओढले की फाटते आणि डिंक खाली राहतो. कितीही केले तरी तुकडेच पडत असतील, तर ड्रिलला लावायचे रबरी चाक वापरा. फेरे मिनिटाला दोन हजारांच्या आसपास ठेवा आणि चाक एका जागी थांबवू नका, रबराची धगही जेलकोट जाळते.

डिंकासाठी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले फडके त्यावर ठेवा, वरून प्लास्टिकचा कागद लावा आणि पाच-सात मिनिटांनी कार्डाने लोटा. मग साबणाच्या पाण्याने धुवा. तरीही चिकटपणा राहिलाच तर ॲसिटोनचा एक झटपट हात मारून लगेच कोरडे पुसा. थिनरमध्ये काय काय मिसळलेले असते ते डब्यागणिक बदलते. जेलकोटवर तो मुरू दिला तर पृष्ठभाग मऊ पडून निस्तेज होतो.

एवढे झाल्यावर खरा त्रास सुरू होतो. स्टिकरखालचा भाग गडद निळा आणि भोवतालचा फिका, त्यामुळे नावाची अक्षरे जशीच्या तशी वाचता येतात. हा डाग नव्हे, म्हणून धुऊन जात नाही. अक्षरांखालच्या जेलकोटला ऊन लागलेले नाही आणि भोवतालचा उन्हाने मेला आहे, त्यामुळे घासायचे ते भोवतालचे, अक्षरे नव्हे. बरेच जण अक्षरांवरच जोर काढतात आणि तिथे खळगा पाडतात.

आधी एक फूटभर जागेवर नुसते कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, लावून बघा. अक्षरांचा ठसा गेला तर घासायचा पेपर लावूच नका. नाही गेला तर 1000 नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करा. पापुद्रा फार जाड असेल तरच 800, तो जास्त खरखरीत असतो. पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळा, बोटांनी घासले तर लाटा उमटतात. बादलीत भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका. घासायच्या जागेवर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि रेघा पुसल्या गेल्या की थांबा. पुढे 1500, मग 2000. प्रत्येक पेपरला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. सुरुवातीला पाण्यात दुधासारखा निळसर-पांढरा गाळ येतो; तो स्वच्छ निळा झाला की मेलेला थर संपला. काठ आणि उंचवटे मास्किंग टेपने झाका, तिथे जेलकोट सगळ्यात पातळ असतो.

नंतर लोकरी पॅडवर कंपाउंड, फोमच्या पॅडवर पॉलिश, दोन्ही मिनिटाला 1000 ते 1500 फेऱ्यांवर. काम सावलीत करा. नाशिकच्या एप्रिलच्या दुपारी कंपाउंड पॅडखाली सुकून ओरखडे पाडते. 16 फुटी बोटीच्या दोन्ही बाजूंना अर्धा किलो कंपाउंड साधारण पुरते. शेवटी कार्नोबा वॅक्सचे दोन पातळ हात.

आणि एक आग्रहाची सूचना : हे काम धरणाच्या काठावर करू नका. गंगापूर धरणाचे पाणी नाशिक शहर पिते. बोट ट्रेलरवर घरी आणा, खाली ताडपत्री अंथरा, गाळ गोळा करा.

प्रश्न : कंपाउंड केल्यावर बोट आरशासारखी झाली होती. पंधरा दिवसांत परत पांढुरकी. कंपाउंड हलके होते का?

उत्तर : बहुधा नाही. मेलेला थर पूर्ण निघाला नव्हता आणि कंपाउंडमधल्या तेलाने तो तात्पुरता झाकला. तेल धुतले गेले, थर उघडा पडला. पुढच्या वेळी कंपाउंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक हात पुसून तिरप्या उजेडात बघा. चमक टिकली तरच वॅक्स लावा, नाहीतर पुन्हा कंपाउंड.

प्रश्न : पट्टीने खरवडताना दोन खोल चरे पडलेत. जानेवारीत भरले तर जेलकोट दोन दिवस चिकटच राहिला.

उत्तर : यामागे दोन कारणे असू शकतात. नाशिकला जानेवारीत रात्री पारा 10 अंशांच्या खाली जातो आणि 15-16 अंशांखाली जेलकोट नीट पिकत नाही, म्हणजे कडक होत नाही. अशा दिवसांत सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळातच भरा. दुसरे म्हणजे, हवा लागलेला जेलकोट वरून चिकटच राहतो. भरल्यावर त्यावर पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म चिकटवा, बुडबुडा राहू देऊ नका.

चरा आधी व्ही आकारात मोकळा करा, ॲसिटोनने पुसा आणि पृष्ठभागापेक्षा किंचित वर भरा, कारण पिकताना तो आकसतो. हार्डनर, म्हणजे जेलकोट पिकवणारे रसायन, दीड ते दोन टक्के : 60 ग्रॅम जेलकोटला सिरिंजने 1 मिली. अंदाजाने ओतू नका. कमी पडला तर कच्चा राहतो, जास्त झाला तर ठिसूळ होऊन तडकतो. कोबाल्ट, म्हणजे पिकण्याचा वेग वाढवणारे रसायन, आधीच मिसळलेला जेलकोट मागा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, हार्डनरचा एक थेंब डोळा कायमचा घालवू शकतो.

प्रश्न : वॅक्स केलेल्या बोटीवर नवे नाव चिकटेल का?

उत्तर : नाही. नाव आधी, वॅक्स नंतर. वॅक्स झालेच असेल तर तेवढीच जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी नवे फडके घेऊन, दोन-तीनदा पुसा. सिलिकॉनचे पॉलिश मात्र त्या जागी मुळीच नको. ते निघता निघत नाही आणि पुढे कधी रंग मारला तर त्यात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. नोंदणी क्रमांकाचे स्टिकर काढणार असाल तर आधी त्याचा फोटो आणि मापे घेऊन ठेवा, आणि बोट पाण्यात उतरवण्याआधी तो पुन्हा लावा.