माइक नंतर, आधी खोली

प्रश्न : ऑनलाइन दीड हजारात माइक, स्टँड, साउंड कार्ड असा ‘स्टुडिओ सेट’ घेतला. मोबाइलला जोडला की खरखर येते. माइक खराब निघाला का? (तासगाव)

खराब नाही, तो सेटच तसा असतो. डब्यावर ‘कंडेन्सर’ (बारीक आवाजही टिपणारा, विजेवर चालणारा माइक) छापतात. स्टुडिओतल्या कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे वायरीतूनच माइकला मिळणारी वीज, लागते, आणि मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून तीन व्होल्टही धड मिळत नाहीत. बारीक आलेला आवाज वाढवला की खरखरही वाढते. परत करण्याची मुदत असेल तर आजच करा. पैसे आधी ४८ व्होल्टचं बटण असलेल्या यूएसबी इंटरफेसवर, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर, घाला.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोन लावून गायलं तर चालेल? (विटा)

नाही. आवाज कानात उशिरा येतो आणि ताल सुटतो. वायरचा, कान पूर्ण झाकणारा घ्या.

प्रश्न : १९२ किलोहर्ट्झचा इंटरफेस हवाच का? (इस्लामपूर)

नको. हा आकडा म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतले जातात तो. २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई), ४८ किलोहर्ट्झ पुष्कळ झालं.

प्रश्न : नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये कंडेन्सरवर गातो, पण आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. मित्र म्हणतो अंड्यांचे ट्रे लाव. की महाग माइक घेऊ? (विश्रामबाग, सांगली)

दोन्ही नको. हे ट्रेचं खूळ दर महिन्याला माझ्याकडे येतं. तो पातळ पुठ्ठा वरच्या पट्टीच्या आवाजाची जराशी धार मारतो, खालच्या पट्टीचा घुमारा जिथल्या तिथे. हॉलच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. मागे ‘टर्रर्र’ ऐकू आलं? तेच तुमच्या गाण्यात शिरलंय, आणि महागडा माइक ते आणखी स्वच्छ टिपेल. एकदा रेकॉर्ड झालेला घुमारा नंतर सॉफ्टवेअरनं नीट निघत नाही.

हॉल सोडा. कपड्यांचं कपाट आणि गाद्या असलेली खोली घ्या. माइक समोरचं ऐकतो, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत त्याच्या तोंडासमोर येते. लोक नेमका माइकच्या मागे फोम चिकटवतात! पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या सोडा, भिंतीपासून वीतभर पुढे. तोंड आणि माइक यांत वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ म्हणताना येणारा वाऱ्याचा फटका अडवणारी जाळी). परत टाळी वाजवा. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा चाळीस हजारांचा माइक बदलायला निघाला होता. त्याच्या आईच्या गोधड्या टांगल्या, माइक तोच राहिला.

तरीही घुमलं तर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि खोलीचे फोटो एखाद्या जाणत्या रेकॉर्डिस्टला दाखवा. त्याआधी फोम विकत घेऊ नका. रस्त्याचा गोंगाट थांबतच नसेल तर डायनॅमिक माइक (कंडेन्सरपेक्षा कमी नाजूक, लांबचे आवाज कमी टिपणारा) बरा, तो अगदी जवळून गायचा. शुअरचा एसएम५८ घेणार असाल तर अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलासह. बाजारात नकली फार.

प्रश्न : एकाच माइकवर गाणं आणि गिटार दोन्ही होईल? (मिरज)

होईल, पण वेगवेगळं घ्या. आधी गिटार : माइक बाराव्या फ्रेटसमोर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बारावी), वीतभर लांब. साउंडहोलसमोर, म्हणजे मधल्या गोल भोकासमोर, धरलात तर नुसतं घुमेल. रेकॉर्डिंगच्या मीटरवर लेव्हल उणे बारा डेसिबलच्या आसपास, लाल दिवा कधीच नको.

प्रश्न : गिटारचा ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती खालची लाकडी पट्टी) सहा महिन्यांपासून मागून उचलला आहे. रेकॉर्डिंग उरकून मग दुरुस्त करू? (सातारा)

सहा महिने! सहा तारांचा मिळून ओढा ७० किलोच्या आसपास असतो. आजच तारा सैल करा, फेव्हिक्विक लावू नका, आणि गिटार या आठवड्यात गिटारच्या कारागिराकडे न्या.