पेत्राला रडू द्या

आपलं पत्र मिळालं. मुलगी बारावीत आहे, गुण उत्तम आहेत आणि लहानपणापासून ती पवित्र शास्त्रातले प्रसंग रंगवते. तिला चित्रकला महाविद्यालयात घालावं का, असं आपण विचारता. पण आपलं उत्तर आधीच ठरलेलं दिसतं: देणगी देवाची आहे, तिला शिक्षण कशाला, उलट तिथे जाऊन विश्वास डळमळायचा. शिवाय आयुष्यभर शास्त्राबाहेरचं काही रंगवणार नाही, असं तिच्याकडून कबूलही करून घेतलंय.

मला काळजी वाटते ती याच कबुलीची, आणि त्याहून जास्त पेत्राच्या चित्राची. येशूचा शिष्य पेत्र, ‘मी याला ओळखत नाही’ असं म्हणून प्रभूला नाकारल्यानंतरचा, तिनं भिंतीकडे तोंड करून बसवला होता, सगळं चित्र काळपट तपकिरी. असं उदास चित्र प्रार्थनेच्या जागी कोण लावणार, म्हणून आपण ते बदलायला लावलंत. आता पेत्र गुडघे टेकून वर पाहतो आणि मागे निळं आकाश आहे. आपण पाठवलेल्या फोटोत त्या निळ्याच्या कडेला खालचा तपकिरी अजून डोकावतो. स्पष्ट सांगते, त्या दिवशी आपण तिचं शास्त्रवाचन पुसून टाकलंत. लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चार चरित्रांपैकी एकाचा, 22वा अध्याय उघडून पाहा. रात्रीची वेळ, अंगणात विस्तव, कोंबडा आरवतो, प्रभू वळून पेत्राकडे पाहतो आणि पेत्र बाहेर जाऊन मोठ्या दुःखानं रडतो. यात निळं आकाश कुठे आहे? मुलीनं ओळ न् ओळ नीट वाचली होती. एवढ्या कोवळ्या वयात पेत्राची शरम जिला कळते, तिच्या विश्वासाची चिंता आपण करू नये.

डच चित्रकार रेम्ब्रांटनं 1660 साली हाच प्रसंग रंगवला. चित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, इंटरनेटवरही सहज सापडेल. दोघांनी मिळून पाहा. पेत्राला ओळखणाऱ्या दासीनं मेणबत्ती धरली आहे, ज्योत तिच्या हाताआड आहे आणि उजेड थेट पेत्रावर पडतो. मागे अंधारात, पहिल्या नजरेत दिसणारही नाही असा, येशू मान वळवून पाहतोय. चार शुभवर्तमानांपैकी ही वळलेली नजर फक्त लूकमध्ये आहे. चित्र काळोखी आहे, आणि तरी त्यात क्षमेची जागा आहे.

आता आपल्या गैरसमजाकडे येते. शिकल्यानं देवाची देणगी बाटते, हे शास्त्रात कुठेही नाही. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्यानं भरतो आणि त्याच दमात त्याला कसब देतो: सोन्याचांदीचं नि पितळेचं काम, रत्नं जडवणं, लाकूड कोरणं. 35व्या अध्यायात त्याला आणि त्याचा जोडीदार अहलियाबाला इतरांना शिकवण्याची बुद्धीही मिळते. म्हणजे निवासमंडपाच्या, देवाच्या उपासनेसाठी उभारलेल्या तंबूच्या, कामावर शिकाऊ हात होतेच. आपल्या मुलीच्या चित्रांत जवळजवळ सगळ्या शिष्यांचे हात झग्यात लपलेत. कारण उघड आहे, तिला हात काढता येत नाहीत. आंधळ्याच्या डोळ्यांना होणारा स्पर्श, थोमाचं पुढे आलेलं बोट, भाकर मोडणं, हे सगळे हातांचेच प्रसंग आहेत. प्रार्थनेनं तिचं मन स्थिर होईल. अंगठा तळहाताला कुठे जुळतो, ते मात्र जिवंत माणूस समोर बसवून रेखाटल्यावरच कळेल.

अमेरिकन चित्रकार हेन्री ओसावा टॅनरचे वडील धर्मोपदेशक, पुढे बिशप झाले. त्यांनीही मुलाला आधी पिठाच्या धंद्यात घातलं होतं. मुलगा तिथे आजारी पडला, मग फिलाडेल्फियात आणि पॅरिसमध्ये रीतसर चित्रकला शिकला. 1898 मध्ये त्यानं ती येशूची आई होणार, हा मरीयेला मिळालेला देवदूताचा निरोप रंगवला. त्यात त्या देवदूताला, गब्रीएलाला, पंख नाहीत, चेहराही नाही, फक्त प्रकाशाचा उभा झोत आहे. मरीया चुरगळलेल्या अंथरुणावर बसलेली साधी मुलगी आहे. शिक्षणानं त्याची श्रद्धा गेली असती, तर हे चित्र झालंच नसतं.

प्रवेशाचं म्हणाल तर बीएफएचा, म्हणजे ललित कलेतल्या पदवीचा, अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्राचा सराव आतापासून हवा.

निव्वळ धार्मिक चित्रांवर पोट चालवणं कठीण आहे, हे तिला आजच सांगा. मुलांच्या पुस्तकांची चित्रं, रंगीत काचेच्या खिडक्या, जुन्या चित्रांचं जतन, शिक्षकी अशी कामं पदवीनंतर करता येतात. देवाच्या कामाचे पैसे घेऊ नयेत, असं आपण लिहिलंय. पण कामकऱ्याला मजुरी मिळावी, हे खुद्द येशूनंच शिष्यांना पाठवताना सांगितलं आहे.

तिच्याकडून घेतलेली कबुली तिला परत करा. झाडं, म्हातारी माणसं, बाजार, जे दिसेल ते काढू द्या. पेत्राचं चित्रही तिला पुन्हा तिच्या मनासारखं रंगवू द्या आणि प्रवेशासाठी कामांचा संच लागला, तर तेच सगळ्यांत वर ठेवायला सांगा.